पुत्रदर्शनाच्या रात्री न आलेले

जालना जिल्ह्याची दक्षिणेकडची हद्द गोदावरीने आखून दिलेली आहे. त्या हद्दीलगतच्या घनसावंगी तालुक्यातील एका गावात १९६०च्या सुमारास चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी लागे. तिचा क्रम ठरलेला असे : एका वर्षी 'रामविजय', पुढच्या वर्षी 'हरिविजय', त्याच्या पुढच्या वर्षी 'पांडवप्रताप'. श्रीधराचे हे तीन ग्रंथ अनुक्रमे ४०, ३६ आणि ६४ अध्यायांचे. श्रीधराने 'हरिविजय' आधी लिहिला, १७०२ मध्ये, आणि 'रामविजय' त्यानंतर एका वर्षाने. पण अवतारांचा क्रम गावाला ग्रंथकाराच्या कालक्रमापेक्षा अधिक खरा वाटत असल्यामुळे गावाने राम पुढे घेतला होता. देवळाच्या ओट्यावर गावातील मानकरी, कुणबी आणि त्यांच्या बायका बसत. ओट्याखाली, पाराच्या कडेने बसून ऐकणारेही होते. त्यांना आवाज ऐकू येई. पोथी दिसत नसे.

आईच्या मांडीला टेकून ऐकणारा एक मुलगा 'हरिविजया'तील स्यमंतक मण्याच्या कथेला एकदम उठून उभा राहिला होता. कृष्ण मण्याच्या शोधात गुहेत शिरतो आणि तेथे त्याची जांबवंताशी गाठ पडते, हा तो प्रसंग. 'हा तर मागच्या वर्षीचा!' असे तो मुलगा मोठ्याने ओरडला आणि सगळे देऊळ हसले. मागच्या वर्षीच्या पोथीत लंकेच्या वाटेवर असलेला अस्वलांचा राजा या वर्षीच्या पोथीत म्हातारा होऊन भेटला होता, आणि त्या दोन वर्षांच्या मधे गेलेले युग मुलाच्या ध्यानात आले होते. पुढे 'पांडवप्रताप' लागला आणि वनात भीमाला वाटेत शेपूट पसरून बसलेला मारुती भेटला, तेव्हा तो ओरडला नाही. अशा भेटी होतच असतात, हे त्याला एव्हाना कळले होते.

हाच मुलगा पुढे तेव्हाच्या औरंगाबादला जाऊन १९७६ मध्ये मराठी घेऊन एम. ए. झाला आणि जालन्यात प्राध्यापक झाला. त्याच्या अध्यापनाला आणि टिपणांना आयुष्यभर पुरलेला विषय देवळाच्या त्या ओट्यावरच मिळाला होता. वेगवेगळ्या कथांतून वाढलेली पात्रे एका कथेत एकत्र येतात तेव्हा नेमके काय घडते, असा तो विषय. प्राध्यापकांनी त्याला 'पात्रमेळावा' असे नाव दिले होते. नाव फारसे चांगले नव्हते; त्यांचे विद्यार्थी त्यावर हसत आणि तेही हसू देत.

पात्रे ग्रंथामागून ग्रंथात परत येणे वेगळे आणि ती एकत्र येणे वेगळे, हा भेद ते फार कटाक्षाने करीत. बाल्झाकच्या कादंबऱ्यांत पात्रे परत येतात. १८३१च्या कादंबरीत थोर सामाजिक वर्तुळात वावरणारा रास्तिन्याक 'पेर गोरियो'त गरीब विद्यार्थी म्हणून भेटतो, म्हणजे वाचकाला तो आधी मोठा आणि मग लहान भेटतो. नव्वदांहून अधिक कृतींचा तो संभार अशा पुनरागमनांनी शिवलेला आहे. पण सगळी माणसे एका दालनात आणून उभी करावीत असे बाल्झाकला वाटले नाही. पॅरिस हेच त्याचे दालन होते. ट्रोलपचे उदाहरण ते थोड्या मिस्किलपणे सांगत. बारसेटशायर मालिकेतील तीच ती पात्रे पुनःपुन्हा आणल्याबद्दल क्लबात दोन पाद्री कुरकुरत असलेले त्याने ऐकले; बिशपची बायको मिसेस प्राउडी त्यांना विशेष असह्य झाली होती. आठवड्याच्या आत तिला मारून टाकतो, असे ट्रोलपने त्यांना तेथेच सांगितले आणि १८६७ मध्ये मालिकेचा शेवट करणाऱ्या सहाव्या कादंबरीत, जेथे जुनी बहुतेक मंडळी जमली आहेत तेथेच, ती मेली. ही हकीकत त्याच्या आत्मचरित्रात आहे. मेळाव्याला बोलावणे म्हणजे मारणेही असू शकते, एवढाच बोध प्राध्यापक त्यातून घेत. मराठीतील 'बटाट्याची चाळ' या विषयात बसत नाही असे त्यांचे मत होते. तेथे माणसे पहिल्यापासून एकाच छपराखाली आहेत, त्यांना जमवावे लागत नाही. नेमाड्यांच्या चतुष्टयात चांगदेव एका गावातून दुसऱ्या गावात जातो आणि मागची माणसे मागे राहतात. तो प्रवास होय, मेळावा नव्हे.

खरा मेळावा त्यांना जैमिनीच्या अश्वमेधात दिसे. व्यासांच्या आश्वमेधिक पर्वाहून वेगळी असलेली ही कथा भारतभर इतकी रूढ झाली की अकबराच्या दरबारात महाभारताचा 'रज्मनामा' हा फारसी अनुवाद सिद्ध झाला तेव्हा चौदाव्या पर्वाच्या जागी तीच घातली गेली. कन्नडात लक्ष्मीशाने आणि मराठीत श्रीधराने ती सांगितली. तिच्यात युद्धात मेलेल्यांची मुले एका घोड्याच्या मागे चालतात. कर्णाचा मुलगा वृषकेतू, घटोत्कचाचा मुलगा मेघवर्ण, शिवाय कृष्णाचा प्रद्युम्न. पुढे मणिपुरात बभ्रुवाहन बापाशीच लढायला उभा राहतो. आणि मुलाने बापाशी लढल्याचे दुसरे उदाहरण म्हणून निवेदक तेथेच कुश-लवांची कथा घालतो. म्हणजे एका मालिकेतील बापलेकांच्या शेजारी दुसऱ्या मालिकेतील बापलेक आणून बसवतो. कथनव्यवहाराच्या दृष्टीने ही कामगिरी कुशल आहे, हे ते मान्य करीत. परंतु वृषकेतूचा प्रश्न त्यांना छळे. आपल्या बापाला रथाचे चाक रुतले असता मारणाऱ्या माणसाबरोबर हा तरुण इतक्या सहजपणे कसा चालतो? जैमिनी त्याला पराक्रम देतो, मान देतो. तो प्रश्न मात्र त्याच्या तोंडी फारसा येऊ देत नाही. गर्दी झाली की माणसांना बोलायला सवड मिळत नाही, असे त्यांचे त्यावरचे म्हणणे होते, आणि जगातील बहुतेक मेळाव्यांना ते लागू पडते.

याला अपवाद म्हणून ते आश्रमवासिक पर्वातील पुत्रदर्शनाचा प्रसंग शिकवीत. मुक्तेश्वराच्या महाभारताची जी पर्वे आज उपलब्ध आहेत त्यांत हे पर्व नाही. तेव्हा संस्कृत संहितेकडेच जावे लागे. युद्धाला बरीच वर्षे लोटली आहेत. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात राहत आहेत. पांडव बायकांसह त्यांना भेटायला आले आहेत. तेथे व्यास येतात आणि काय हवे ते मागा म्हणतात. गांधारी सर्वांच्या वतीने बोलते : सोळा वर्षे झाली, राजाचा शोक शमत नाही. कुंती सगळ्यांसमक्ष कर्णाच्या जन्माची हकीकत सांगते आणि त्याला पाहायचे आहे असे म्हणते. संध्याकाळी सारे भागीरथीच्या काठी जमतात. व्यास पाण्यात उतरतात, हाका घालतात. आणि सैन्यांचा कल्लोळ उठावा तसा आवाज होऊन मेलेले पाण्यातून वर येऊ लागतात. विराट, द्रुपद, अभिमन्यू, द्रौपदीचे पाच, घटोत्कच, कर्ण, दुर्योधन, दुःशासन, शकुनी, भगदत्त, भूरिश्रवा, शल्य. वैर कुणाच्याच मनात उरलेले नाही. धृतराष्ट्राला त्या रात्रीपुरती दृष्टी मिळते. ज्या शंभरांसाठी त्याने सगळे घडू दिले ते मुलगे तो प्रथमच पाहतो, आणि पाहतो ते मेल्यावर. पहाटे सारे पाण्यात परत जातात.

येथे पात्रे वाचकाच्या हौसेखातर जमत नाहीत, असे ते वर्गात सांगत. काठावरच्या माणसांच्या मागणीतून हा मेळावा निर्माण होतो आणि एका रात्रीत मोडतो. महाभारताच्या अठरा पर्वांच्या मालिकेत सगळ्यांना एकत्र आणणारा दुसरा प्रसंग नाही. स्वर्गारोहणात ती माणसे आहेत, पण तेथे ती पदांवर जाऊन बसलेली आहेत. १९१९ ते १९६६ अशी सुमारे सत्तेचाळीस वर्षे भांडारकर संस्थेत चाललेल्या चिकित्सक आवृत्तीच्या चाळणीतूनही हा प्रसंग शाबूत राहिला, हे ते विशेष अभिमानाने नमूद करीत. जणू तो शाबूत राहण्यात त्यांचा हात होता.

१९९३-९४च्या वर्षी हा भाग चालू होता. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आले. त्याआधीची सोळा वर्षे वर्गातील प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या बाजूला काढलेली होती, निदान त्यांच्या घरांनी. त्या आठवड्यांत वर्गात फारसे कोणी बोलत नसे. प्राध्यापकांनी फळ्यावर पाण्यातून वर आलेल्यांची नावे लिहिली होती. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले,

"सर, वारणावतात जळालेली ती बाई आणि तिची पाच मुलं यात आहेत का?"

आदिपर्वातील ती निषादी. कुंतीने लाक्षागृहात अन्नदान केले त्या रात्री ती पाच मुलांसह जेवायला आली, मद्य पिऊन तेथेच निजली, आणि भीमाने घर पेटवले तेव्हा जळून गेली. सकाळी लोकांना सहा प्रेते सापडली आणि पांडव कुंतीसह मेले असे सर्वांनी धरले. त्या सहांच्या जळण्यावर पांडवांचे पुढचे सारे आयुष्य उभे आहे. संहिता तिला नाव देत नाही.

प्राध्यापकांनी उत्तर तत्काळ दिले. या प्रसंगाला एक नियम आहे : युद्धात मेलेले तेवढेच येतात. यात जात किंवा कूळ पाहिलेले नाही. यादीत घटोत्कच आहे, कौरवांकडून लढलेला अलायुध राक्षसही आहे. उत्तर बरोबर होते. विद्यार्थी खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा राहिला.

"मग परीक्षित कसा आला, सर?"

वर्ग वळून त्याच्याकडे पाहू लागला. कारण पुत्रदर्शनाचा प्रसंग तेथेच संपत नाही. ही कथा वैशंपायन जनमेजयाला सांगत आहे. ऐकता ऐकता जनमेजय मधेच म्हणतो, व्यास मला माझा बाप दाखवतील तर मी यावर विश्वास ठेवीन. आणि व्यास परीक्षिताला आणतात. परीक्षित युद्धात मेलेला नाही, तो तक्षकाच्या दंशाने मेला. शिवाय तो ज्या रात्री नदीतून माणसे वर आली त्या रात्रीचा नव्हे. तो श्रोत्याच्या काळातला. श्रोत्याने आपला मेलेला माणूस कथेकडे मागितला आणि कथेने स्वतःचा नियम मोडून तो दिला. याला निवेदनाच्या पातळ्यांचा भंग म्हणतात, हे प्राध्यापकांना ठाऊक होते. त्यांनी ते वर्गाला कितीदा तरी शिकवले होते. परंतु त्यामुळे युद्धाचा नियम नियमच उरत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलेले नव्हते. उरते ते एवढेच की ज्याला मागणारे कोणी काठावर आहे तो येतो. काठावरच्या स्त्रियांची ओळख संजय करून देतो. त्यांत द्रौपदी आहे, उलूपी आहे, चित्रांगदा आहे, उत्तरा आहे. भीमाची पत्नी म्हणून जिची ओळख करून दिली आहे ती एक राजाची बहीण आहे. हिडिंबा नाही. घटोत्कच वर आला तेव्हा त्याची आई त्याला पाहायला तेथे नव्हती. निषादीचे तर कोणीच नव्हते.

ते त्या दिवशी पाठ अर्धा सोडून वर्गाबाहेर आले, असे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. तसे घडले नसावे. तासाची घंटा झाली असेल.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर त्यांनी हे सारे आईला सांगितले. आईला अक्षरओळख नव्हती. पण पोथीतील प्रत्येक अध्याय कोणत्या महिन्यात येतो हे तिला पाठ होते. त्यांना अपेक्षा असावी ती कौतुकाची, किंवा निदान निषादीबद्दलच्या हळहळीची. आई गव्हातले खडे वेचीत होती. ती म्हणाली,

"तिचं मानूस न्हवतं ना तिथं. मग कोन हाक मारनार?"

थोड्या वेळाने, खडे वेचता वेचताच, ती पुढे म्हणाली,

"आपल्या इहिरीतल्याला तरी कोन इचारतं, बापू?"

त्या घराच्या कहाण्यांत विहिरीची एक ठरलेली कहाणी होती. १९६२च्या उन्हाळ्यात वडिलांनी मळ्यात विहीर पाडली; सहा परसांपर्यंत कोरडा खडक लागला, गाव हसले, वडील हटले नाहीत; सातव्या परसाला पाणी लागले. त्या पाण्यावर मोसंबीची बाग उभी राहिली, बागेवर थोरल्या बहिणीचे लग्न झाले, धाकट्याचे शिक्षण झाले. लग्नात, बारशात, श्राद्धाच्या जेवणानंतर ही कहाणी सांगितली जाई आणि कुटुंबातील सगळी माणसे तिच्यात येत. आजोबा येत, सोबतीला आलेले मामा येत, सुरुंगाची दारू उधार देणारा दुकानदार येत असे, एवढेच काय, मोटेचे बैलही आपापल्या नावांनी येत. त्या उन्हाळ्यात आठ वर्षांच्या धाकट्याला मामाच्या गावी पाठवले होते. का पाठवले, हे त्याने कधी विचारले नव्हते.

विहीर पाडायला वडारांचे एक कुटुंब आले होते. सातव्या परसावर एक दिवस दरड बसली आणि त्यांतला एक माणूस खाली राहिला. त्याची बायको काठावर राडा वाहत होती. दोन दिवसांनी त्याला वर काढले. वडिलांनी त्यांना जोंधळ्याचे एक पोते दिले आणि रोजाचे पैसे चुकते केले. ते लोक गाढवांवर सामान लादून निघून गेले. दरड जेथून सुटली तेथूनच झरा फुटला होता. आईने हे सांगितले तेव्हा त्या माणसाचे नाव काय, असे प्राध्यापकांनी विचारले. आईला ते माहीत नव्हते. त्याची बायको त्याला नावाने हाक मारीत नसे, आणि घरातील सगळे त्याला 'वडार' म्हणत.

प्राध्यापकांचा 'पात्रमेळाव्या'वरचा प्रदीर्घ लेख तोपर्यंत जवळजवळ पुरा झालेला होता. तो त्यांनी छापायला दिला नाही. त्यात चूक काही नव्हती. त्यातील वर्गीकरण आजही उपयोगी पडेल असे आहे, आणि ज्यांनी ते हस्तलिखित पाहिले आहे त्यांना त्याची खंत वाटते. त्यांची अडचण अशी की मेळाव्याची व्याख्या आता आलेल्यांवरून करता येईना, आणि न आलेल्यांची यादी कोणत्याही संहितेत दिलेली नसते.

महाश्वेता देवींची 'कुंती ओ निषादी' ही कथा त्यांनी पुढे 'आफ्टर कुरुक्षेत्र' या २००५च्या इंग्रजी संग्रहातून वाचली. तिच्यात वनवासी कुंती आपल्या आयुष्यातील चुका एकेक करून मोठ्याने कबूल करीत असते आणि तिच्यासमोर एक निषाद स्त्री येऊन उभी राहते. ती जळालेल्या निषादीची सून आहे. कुंतीच्या सगळ्या कबुलीत ते सहा जीव आलेलेच नसतात, ती विसरून गेलेली असते. सून तिला ती आठवण करून देते आणि मागून येणाऱ्या वणव्याच्या वाटेवर तिला सोडून आपल्या लोकांबरोबर निघून जाते. प्राध्यापकांना या कथेतील सर्वांत मोठी गोष्ट वाटली ती अशी की महाश्वेता देवींनी मेलेल्यांना वर आणलेले नाही. काठावर जी जागा रिकामी होती तेथे त्यांनी फक्त एक माणूस आणून उभे केले आहे, आणि तेही नेमके त्याच पर्वाच्या, त्याच वनाच्या भूमीवर, गंगेची रात्र जेथून दूर नाही. परंतु ती सून व्यासांकडे काही मागत नाही, ही गोष्टही त्यांनी समासात टिपून ठेवली आहे. तिने मागायला हवे होते की नाही, याविषयी त्यांचे मत दोनदा बदललेले दिसते. पेन्सिलीने लिहिलेला एक शेरा खोडून त्याखाली दुसरा, वेगळ्या शाईने, लिहिलेला आहे.

आई १९९९ मध्ये गेली. त्यानंतर त्यांनी गावात आणि शेजारच्या गावांत चौकशी केली. ते वडार परतूरकडून आले होते, असे एकाने सांगितले. दुसरा म्हणाला, तेलंगणातून आले होते, त्यांची बोली वेगळी होती. तिसऱ्याला विहीर पाडताना कोणी मेल्याचेच आठवत नव्हते. त्याला मोटेच्या बैलांची नावे आठवत होती. तो वर्गात प्रश्न विचारणारा विद्यार्थी पुढे एका माध्यमिक शाळेत शिक्षक झाला. दोघांची जालन्याच्या बसस्थानकावर एकदा भेट झाली, तेव्हा प्राध्यापकांनी त्याला विहिरीची गोष्ट सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "तुमच्या घरी आता ही गोष्ट सांगतात तेव्हा त्याला घेतात का?" प्राध्यापक म्हणाले, "मी असलो तर घेतात."

२०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या तशी ती बागही गेली. झाडे तोडून सरपणाला विकली. विहिरीवर मोटेनंतर इंजिन आले होते आणि इंजिनानंतर विजेची मोटर. त्या वर्षी मोटर वर काढून ठेवली. तळ उघडा पडला तेव्हा पन्नास वर्षांत प्रथमच पूर्वेकडच्या भिंतीतली ती खोबण, जेथून दरड सुटली होती, वरून स्पष्ट दिसू लागली. प्राध्यापक नातवंडांना घेऊन काठावर गेले होते. ही भोकाची जागा अशी का आहे, असे त्यांतल्या लहान मुलीने विचारले.